थांबमास्तरांचा उजवा पाय

“ब्रेक मी नाही दाबला.”

“तुम्हीच दाबलात काकू. आणि काय वेळेवर दाबलात! शाबास.”

“कसली शाबास? चप्पल सुटून सीटखाली गेली म्हणून मी पाय वर घेतलाय. हा बघा, हवेत आहे. हवेतून ब्रेक लागतो का हो मास्तर?”

मास्तरांनी वाकून पाहिलं. काकूंचा पाय खरोखरच हवेत होता आणि बोटं हलवून साक्ष देत होता. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी. मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून जणू झोपी गेलेला. आणि डाव्या सीटवर बसलेल्या मास्तरांचा उजवा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर, दुधाच्या पातेल्यात तोंड घातलेल्या बोक्यासारखा गप्प.

शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. मास्तरांची सगळी विद्या त्या ब्रेकवर उभी होती. शिकणारा चुकायच्या बेतात आला की यांनी गुपचूप दाबायचा, आणि गाडी थांबली की शाबासकी त्याला द्यायची. त्याला वाटावं आपण थांबवली. असा धीर वाढवत वाढवत त्यांनी निम्म्या शहराला गाडी शिकवली होती. तोंडाने सतत “थांब, थांब, अरे थांब” चाललेलं असायचं, म्हणून शिकणाऱ्यांनी त्यांचं नाव थांबमास्तर ठेवलं होतं. मास्तरांना ते ठाऊक होतं. आपला धाक आहे, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला होता.

काकू शिवणकाम करायच्या. उभा जन्म मशीनच्या पायपट्टीवर गेलेला, त्यामुळे गॅसही तसाच द्यायच्या. घर्रर करून एक शिवण मारायची, थांबायचं, परत घर्रर. चप्पल सापडल्यावर त्यांनी ती पायात घातली आणि सहज विचारलं, “एक विचारू? राग मानू नका. तुम्हाला स्वतःला येते का हो गाडी चालवता?”

मास्तर मोठ्यांदा हसले. इतके मोठ्यांदा, की ते त्यांचं त्यांनाच जरा जास्त वाटलं.

संध्याकाळी बायकोच्या स्कूटरवर मागे बसून घरी जाताना तो प्रश्न पुन्हा वर आला. शेवटची गाडी आपण कधी चालवली? हवा भरायला जायचं तर शिकाऊ चालवत नेणार, सराव म्हणून. चहाला जायचं तरी शिकाऊच, वळणाचा सराव म्हणून. मागे सासूबाईंना दवाखान्यात नेलं तेही एका नवशिक्याकडून, बंद पडत पडत. उतरताना म्हातारी म्हणाली होती, “जावईबापू, येताना मी चालत येते. आजारी माणसाला एवढे हिसके सोसत नाहीत.” घर ते ऑफिस बायकोच्या मागे, आणि दिवसभर परक्याच्या डाव्या हाताला. उजव्या सीटवर बसायचा प्रसंग फक्त गाडी गॅरेजमध्ये उलटी घालताना, तीही बायकोने “या, या, अजून या” केल्यावर.

आणि हाच माणूस एकेकाळी खेड्यात दुधाचा टेम्पो चालवायचा. असा हाणायचा, की डेअरीत पोचेपर्यंत कॅनमध्ये वर लोणी तरंगायचं. डेअरीवाल्याने शेवटी हात जोडले, बाबा, मी दुधाचे पैसे देतो, ताकाचे नाही. तो टेम्पोवाला गेला कुठे? पोटाच्या एवढ्या घेराखाली तो अजून जिवंत आहे, की पाय थांब थांब करता करता त्याचाही गळा दाबून बसला? एवढं एकदा बघायलाच हवं, असं मास्तरांनी ठरवलं.

शहराबाहेर एक जुनी धावपट्टी होती. विमानं गेली आणि तिथे वळणं आखून गाड्या पळवायचा ट्रॅक झाला. महिन्यातल्या एका रविवारी कोणीही आपली गाडी आणावी आणि पळवावी, मागे पोलीस नाही, पुढे म्हैस नाही. मास्तरांचा मेव्हणा गॅरेजवाला, तो तिथला नेहमीचा. त्याला सांगितलं तेव्हा तो गाडीखाली उताणा होता. तो तसाच हसत हसत बाहेर घसरत आला.

“दाजी, तुम्ही? ट्रॅकवर? चालत?”

“ह्याच गाडीतून.”

“ही? ही तर शिवणयंत्राचं इंजिन घातलेला डबा आहे.”

“म्हणून तर तुझ्याकडे आणली. काय ते बदल कर. इंजिनातून जोर काढ.”

“इंजिनाला हात लावायचा नाही,” मेव्हणा हात पुसत म्हणाला. “एवढीशी जान आहे बिचारीत. तिच्यातून घोडे काढायला गेलो तर आहेत ती गाढवंही पळून जातील. आपण वजन उतरवू, टायर बरे घालू, आणि ब्रेक एकदम चांगले करू.”

“ब्रेक? अरे, मला पळवायचीय.”

“थांबेल असा भरवसा असला तरच माणूस पळवतो, दाजी. तुम्ही मास्तर ना?”

मास्तरांनी मान डोलावली. हे वाक्य आपण शिकवताना वापरावं असं त्यांच्या मनात आलं, आणि आपल्याला ते आजवर सुचलं नाही हेही आलं.

बायकोची परवानगी काढायची राहिली होती. ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिस तीच सांभाळायची, फोन तीच घ्यायची, आणि गाडी एकच. तिने सगळं ऐकून घेतलं.

“सोमवारी सकाळी काकूंची टेस्ट आहे,” ती म्हणाली. “याच गाडीवर. गाडी दारात पाहिजे. मागचं सीट जागेवर, वरचा बोर्ड जागेवर, आणि तुम्ही जागेवर. यातलं एक जरी कमी दिसलं, तर मी शिकवायला बसेन आणि तुम्ही फोन घ्या.”

“अगं, काही होत नाही.”

“इंजिन फुटलं तर?”

“माझ्या हातून? मी आजवर एक ओरखडा येऊ दिला नाही.”

“तुमच्या हातून काही व्हायला आधी तुम्ही चालवायला तर पाहिजे,” बायको म्हणाली आणि फोन उचलायला वळली. म्हणजे हिलाही ठाऊक होतं!

शनिवारी सकाळपासून गॅरेजमध्ये गाडीची कातडी सोलायला सुरुवात झाली. छतावरचा बोर्ड उतरला. त्यावर पुढच्या बाजूला स्कूलचं नाव होतं आणि मागच्या बाजूला ‘शिकाऊ चालक, अंतर ठेवा’. मागचं सीट निघालं. त्याखाली वर्षांवर्षांचा ऐवज सापडला: कानातली रिंग, दाताची कवळी, एका पायातला मोजा. कवळी कोणाची, आणि तो माणूस न मागता गेला कसा, यावर दोघांनी बराच वेळ विचार केला. स्टेपनी गेली, जॅक गेला, खालचं मॅटिंग गेलं. मेव्हणा शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर एकेक वस्तू ठेवायचा आणि खूश व्हायचा. शेवटी त्याची नजर मास्तरांवर गेली.

“दाजी, जरा या काट्यावर उभे राहता?”

मास्तर उभे राहिले. मेव्हण्याने काट्याकडे पाहिलं, काढलेल्या सामानाच्या ढिगाकडे पाहिलं आणि खिन्नपणे म्हणाला, “सगळं परत बसवतो. तुम्ही तेवढे उतरा.”

चालवणाऱ्यासाठी त्याने कुठून तरी उसनं बकेट सीट आणलं होतं. दोन्ही बाजूंनी कान वर आलेलं, माणसाला कुशीत घट्ट धरणारं. सीट एखाद्या सडपातळ पोराच्या मापाचं होतं. मास्तर आत बसले, म्हणजे वरून ओतले गेले, आणि अडकले. पुढे सरकेनात, मागे सरकेनात. मेव्हण्याने दंड धरून ओढलं, भंगारवाल्याने पाय धरले. चहा घेऊन आलेली बायको ते बघत उभी राहिली आणि म्हणाली, “राहू द्या तसेच. सोमवारी निदान जागेवर तरी सापडतील.”

नवे टायर चढले. ब्रेकचं तेल बदललं, लायनर कडक घातले. आखूड स्प्रिंगा घालून गाडी खाली बसवली, तशी ती अंगावर पाणी ओतलेल्या मांजरीसारखी दिसायला लागली. मग मेव्हणा डाव्या बाजूला वाकला. “आता हे तुमचे ब्रेक-क्लच. काढतो. उगाच लोखंड.”

“ते राहू दे.”

“कशाला? तिथे कोणीच बसणार नाही.”

“सोमवारी परत बसवायला वेळ जाईल,” मास्तर म्हणाले.

चार बोल्टांचं काम होतं. मेव्हण्याने त्यांच्याकडे पाहिलं, पान्याशी खेळला, आणि ते तसेच ठेवले. मास्तरांना हायसं वाटलं. का वाटलं, हे स्वतःला विचारायचं त्यांनी टाळलं. आयुष्यभर ज्या दांडीला धरून पोहलो ती आयत्या वेळी काढून टाकायची म्हणजे काय!

रविवारी सकाळी ट्रॅकवर गाड्यांची रांग लागली होती. रंगीत, रुंद, गुरगुरणाऱ्या. त्यांच्यामध्ये मास्तरांची सोललेली गाडी उभी होती, बारशाला आलेल्या कोंबडीसारखी. मेव्हणा काठावरून अंगठा दाखवत होता. झेंडेवाल्याने खूण केली. मास्तरांनी हेल्मेट घातलं, दीर्घ श्वास घेतला, दार उघडून आत बसले, पट्टा लावला आणि पुढे बघत थांबले.

गाडी हलेना. झेंडेवाल्याने पुन्हा खूण केली. मागच्यांनी हॉर्न दिले. मास्तरांना राग आला. काय मूर्ख आहे, निघत का नाही? “पहिला गिअर टाक,” ते ओरडलेसुद्धा. मग उजवीकडे वळून पाहिलं तर बकेट सीट रिकामं.

ते डावीकडे बसले होते.

रिकाम्या सीटपलीकडच्या खिडकीत एक चेहरा आला. केस आखूड कापलेले, गळ्यात शिट्टी. “मास्तर, गाडी कोण चालवणार?”

मास्तरांनी तिला ओळखलं आणि मान हेल्मेटमध्ये शक्य तितकी आत ओढली. ही गोगलगाय. नाव त्यांनीच ठेवलेलं. शिकायला यायची तेव्हा पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जायला एवढा वेळ लावायची, की मास्तर म्हणायचे, “अगं गोगलगाये, मागून चालत येणारी माणसं पुढे जाऊन घरी पोचली.” आता ती इथे नव्या माणसांना ट्रॅक शिकवायची. आणि इथला या महिन्यापासूनचा नवा नियम असा, की नवीन माणसाने पहिल्यांदा एकट्याने जायचं नाही, शेजारी ट्रॅकवरचा शिकवणारा बसणार.

“सरका मास्तर. म्हणजे उतरा, आणि तिकडून या. ही माझी जागा.”

रांगेतल्या सगळ्या गाड्यांच्या देखत मास्तर उतरले, बोनेटला वळसा घालून उजवीकडे आले आणि बकेट सीटमध्ये ओतले गेले. गोगलगाय डावीकडे बसली. पाय लांब केले आणि एकदम हरखली. “अरे वा! हे अजून आहेत?”

तिने दोन्ही पाय ब्रेक-क्लचवर अलगद ठेवले, माहेरच्या उंबऱ्यावर ठेवावेत तसे. मास्तरांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

गाडी निघाली. इंजिन बोंबलायला लागलं. मास्तरांना वाटलं आपण विमान उडवतोय. तेवढ्यात शेजारून एक गाडी गेली, मग दुसरी, मग एका कुटुंबवत्सल चेहऱ्याच्या माणसाची भलीमोठी गाडी. मास्तरांनी प्रत्येकाला हात दाखवून वाट दिली. पहिलं वळण आलं. मास्तरांनी इंडिकेटर दिला.

“हे काय?”

“वळतोय ना!”

“मास्तर, इथे सगळेच वळतात. दुसरीकडे रस्ताच नाही.”

आणि त्याच वेळी गाडीला कोणीतरी मागून धरल्यासारखं झालं. वेग गपकन उतरला, वळण मुंगीच्या पावलांनी पार पडलं.

“शाबास मास्तर!” गोगलगाय म्हणाली. “काय वेळेवर थांबलात!”

मास्तरांचे कान हेल्मेटच्या आत तापले. “तू दाबलास.”

“छे. तुम्हीच दाबलात.”

“म्हणजे... तुला तेव्हा कळायचं?”

“सगळ्यांना कळायचं. आपण काही न करता गाडी थांबते आणि शेजारचा माणूस खिडकीबाहेर बघून शीळ घालतो, कळणार नाही? आम्ही बाहेर आलो की एकमेकांना सांगायचो, आज मी छान थांबवली म्हणे.”

निम्म्या शहराने आपल्याला सांभाळून घेतलं आणि आपण समजत होतो की आपण त्यांना सांभाळतोय. बोलायला जागाच उरली नव्हती. सीटमध्ये तर नव्हतीच.

“बरं, फिट्टंफाट झाली,” गोगलगाय म्हणाली. “आता मी पाय काढते. पळवा.”

सरळ रस्ता आला. मास्तरांनी गॅस दाबला. लांबवर मोठं वळण दिसत होतं, अजून बरंच लांब. आणि गाडी पुन्हा गपकन बसली.

“अगं, काढते म्हणालीस ना पाय!”

“काढलेत.”

“मग ब्रेक कोणी दाबला?”

“इकडे बघा.”

मास्तरांनी पाहिलं. गोगलगाय सीटवर मांडी घालून बसली होती. दोन्ही पाय वर, बूट मांडीखाली.

मग त्यांनी खाली, आपल्या पायाकडे पाहिलं. उजवा पाय गॅस सोडून ब्रेकवर जाऊन बसला होता, आणि तिथे त्याला अगदी घरच्यासारखं वाटत होतं. त्याला कोणी पाठवलं नव्हतं. एवढी वर्षं वळण दिसलं की दाबायचं, माणूस दिसलं की दाबायचं, सावली हलली की दाबायचं. त्याने मास्तरांना विचारायचंच सोडून दिलं होतं.

“टेम्पोवाला मेला,” मास्तर हळूच म्हणाले.

“कोण टेम्पोवाला?”

“काही नाही. होता एक ओळखीचा.”

गोगलगायीने मांडी सोडली नाही. “मास्तर, ब्रेक नवे आहेत, टायर नवे आहेत. मी ‘आता’ म्हणते. तोवर पाय गॅसवर. तुम्ही आम्हाला काय सांगायचात? शेजारचा सांगतो ते ऐक, रडायचं नंतर.”

“मी असं सांगायचो?”

“रोज.”

एक फेरी गेली. सरळ रस्ता पुन्हा समोर आला. मास्तरांनी गॅस तळाला नेला. डबा थरथरायला लागला, दाराची काच खडखडायला लागली, कुठून तरी वितळल्यासारखा वास आला. वळण मोठं व्हायला लागलं. पाय शिवशिवला. तो उठायला लागला, मास्तरांना तो उठताना स्पष्ट कळला. आणि आयुष्यात पहिल्यांदा मास्तर दुसऱ्या कोणावर नाही, स्वतःच्या पायावर ओरडले:

“थांब! थांब रे! अरे थांब!”

पाय थांबला. गॅसवर.

“आता!” गोगलगाय ओरडली.

मास्तरांनी ब्रेक दाबला. चोरून नाही, चांगला दणकून. नव्या लायनरांनी गाडी जमिनीला धरली, तिने नाक खाली घातलं, आणि स्टिअरिंग वळवताच सगळा डबा एका अंगावर कलून, टायर किंचाळत, वळणातून बाहेर फेकल्यासारखा निघाला. तो हिसका मास्तरांच्या ओळखीचा होता. कॅनमधलं दूध असंच उसळायचं.

“आहे!” मास्तर बोंबलले. “आहे गं, आहे! मेला नाही!” आणि त्यांनी आनंदाने दोन्ही हात वर केले.

पुढचं वळण लगेचच होतं.

गाडी सरळ गवतात गेली. भलतं लांब, वाढलेलं गवत होतं, ते बोनेटवरून सळसळत काचेवर आलं आणि मग सगळं शांत झालं. मास्तरांनी हँडब्रेक ओढला. गिअर न्यूट्रलला आणला. चारही दिवे लुकलुकते केले. आरशात मागे पाहिलं. मग उजवीकडचा इंडिकेटर दिला.

गोगलगाय पोट धरून हसत होती. “मास्तर, ठीक आहात ना?”

“माझं सोड. गाडी बघ आधी, उद्या काकूंची टेस्ट आहे.”

चावी फिरवली. गाडी एकदा खोकली, दोनदा खोकली आणि सुरू झाली. मास्तरांनी स्टिअरिंगवर हेल्मेटसकट डोकं टेकवलं.

काठावर मेव्हणा वाट बघत होता. दिवसभरात ज्या ज्या गाड्या फिरल्या त्यांत मास्तर शेवटून पहिले आले होते. “तुमच्या मागे खुर्च्यांचा टेम्पो होता, दाजी,” मेव्हणा म्हणाला, “पण तो स्पर्धेत नव्हता.” मास्तरांनी ते हसून घेतलं. त्यांना ओढून बाहेर काढायला या वेळी गोगलगाय, मेव्हणा आणि झेंडेवाला असे तिघे लागले.

गाडीला तिचं सामान परत चढवून ते घरी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. बायको दारात आली. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, मागचं सीट दाबून पाहिलं, पुढच्या बंपरमधून मूठभर गवत उपसून काढलं.

“पळवायला गेला होतात की चरायला?”

“दोन्ही,” मास्तर म्हणाले. आणि त्यांनी तिच्याकडे स्कूटरची चावी मागितली, जरा दुकानापर्यंत जाऊन येतो म्हणून. बायकोने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि चावी दिली. नंतर ती बराच वेळ दारातच उभी होती.

सोमवारी सकाळी काकू केस चापूनचोपून, नव्या पट्ट्याच्या चपला घालून आल्या. त्यांनी गाडीच्या छताकडे बघितलं. “मास्तर, बोर्ड उलटा लागलाय. ‘अंतर ठेवा’ पुढे आलंय.”

“राहू द्या. समोरून येणाऱ्यांनाही कळलेलं बरं.”

मास्तर डावीकडे बसले. आपलं जुनं, ऐसपैस सीट. काकूंनी घर्रर केलं, थांबल्या, घर्रर केलं. टेस्टच्या मैदानाकडे जाणारा तोच रस्ता. गल्लीतून एक हातगाडी नाक काढून बाहेर आली, आणि मास्तरांचा उजवा पाय उठला. थांब, मास्तर मनात म्हणाले. काकूंनी हातगाडी पाहिली आहे की नाही? थांब. पाहिली असेल. नसेल. थांब रे. घाम कानामागून मानेवर उतरला. ट्रॅकवरच्या वळणाला एवढी भीती वाटली नव्हती.

गाडी कचकन थांबली. हातगाडीवाल्याने एक शिवी हासडली, बेताची, आणि पुढे गेला.

“हा मी दाबला,” काकू संशयाने म्हणाल्या. “तुम्ही नाही ना?”

मास्तरांनी दोन्ही पाय वर उचलून दाखवले. “हे बघा. हवेत.”

काकू बघतच राहिल्या. मागच्या टेम्पोने हॉर्न दिला. मास्तरांनी हळूच पाय खाली घेतले, ब्रेकच्या जवळ, पण वर नाही.

“माझे पाय काय बघता काकू, रस्ता बघा. आरसा. क्लच. पहिला गिअर. आणि पुढच्या चौकातून डावीकडे. इंडिकेटर द्या, इंडिकेटर! इथे दुसरीकडेही रस्ते आहेत.”